लिपिक शिकला म्हणून अडलेली नोंदणी

दि. २४ ऑगस्ट, गुरुवार

प्रति,
मा. सहायक निबंधक,
सेवाभावी संस्था नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : ‘सर्वांसाठी संगणक’ या स्वयंसेवी वर्गाची स्वतंत्र, ना-नफा संस्था म्हणून नोंदणी, आपल्या लिपिकास संगणक येऊ लागल्यामुळे ती थांबल्याबाबत.

संदर्भ : आपले आक्षेपपत्र क्र. ३, दि. २५ जुलै. (क्र. १ व २ यांना उत्तरे दिली आहेत. ती मिळाल्याची पोच आहे, वाचल्याची नाही.)

महोदय,

याच विषयावरील हा माझा चौथा अर्ज. आधीचे तीन विनंतीचे होते, हा निरीक्षणांचा आहे. वजनकाटे आणि तापमापके खरे बोलतात की नाही हे प्रयोगशाळेत तपासणे ही माझी नोकरी असून, एकच दोष तीनदा आढळला की त्याला योगायोग म्हणण्याची आम्हांला मुभा नसते.

प्रकरण थोडक्यात असे. गेली सहा वर्षे दर शनिवारी दुपारी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या तळमजल्यावरील खोलीत आम्ही सात स्वयंसेवक विनामूल्य संगणक शिकवतो. शिकणारे त्रेचाळीस आहेत. त्यांत शिंपी, रखवालदार, दोन सुतार, शाळेत डबे पोचवणाऱ्या बाई आणि एक निवृत्त परिचारिका येतात. खोली कंपनीची, बावीस संगणकही कंपनीचे. कंपनी आता दुसरीकडे जात आहे. तिचे नवे व्यवस्थापक सज्जन असून संगणक आम्हांलाच देऊ इच्छितात. परंतु देणगीपत्रात ‘कोणास’ असा रकाना आहे, आणि सात अधिक त्रेचाळीस माणसे यांची बेरीज कायद्याच्या दृष्टीने शून्य येते. स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली तर संगणक मिळतील आणि सार्वजनिक ग्रंथालय खोली देईल. न झाली तर येत्या सोमवारी, दि. २८ रोजी सकाळी दहा वाजता, भंगाराचा ट्रक येईल. एवढेच पणाला आहे. आपल्या कार्यालयाच्या मानाने ते फार नसावे.

आपला पहिला आक्षेप नावावर होता : “सर्वांसाठी म्हणजे नेमके कोणासाठी? सर्वांची यादी जोडावी.” मी त्रेचाळीस नावांची यादी जोडली आणि उर्वरित मानवजातीसाठी पुरवणी पाने मागितली. ती अद्याप मिळालेली नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता, आणि तो समजण्यासाठी आमच्या वर्गाची रीत सांगणे भाग आहे. सात जणांना त्रेचाळीस आवरेनात, म्हणून पहिल्या वर्षीच एक नियम पडला : जो धडा आपण शिकलो, तो पुढच्या शनिवारी दुसऱ्या कोणाला तरी शिकवायचा, त्याशिवाय नवा धडा मिळणार नाही. नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, तरी तो पाळला जातो. लिहिलेल्या नियमांबाबत माझा अनुभव नेमका उलट आहे. परिणामी आमच्या कागदपत्रांत अडतीस नावे ‘लाभार्थी’ आणि ‘शिक्षक’ अशा दोन्ही रकान्यांत आहेत. यावर आपण खुलासा मागवलात की एकच व्यक्ती लाभ घेणारी आणि देणारी कशी असू शकते. मी कळवले की माणूस पहिल्या पंगतीत जेवतो व दुसऱ्या पंगतीला वाढतो. त्यासाठी त्याला कोणी नोटीस काढत नाही.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे घोडे जिथे पेंड खात आहे तिथे वळते.

जून महिन्यात मी पहिला अर्ज घेऊन आले, तेव्हा समजले की आपल्याकडे नोंदणी फक्त नव्या संगणक प्रणालीतून होते. नोंदणी कक्षातील वरिष्ठ लिपिकांनी (सारे कार्यालय त्यांना भाऊसाहेब म्हणते) संगणकावरचा अभ्रा काढला, पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि अभ्रा पुन्हा घातला. “ताई, खोटं कशाला बोलू? ट्रेनिंग येणार, येणार म्हणता दोन वर्षं झाली. हे उघडतं कुठून तेच मला ठाऊक नाही. तुम्ही शिकवता ना? मग आधी मलाच शिकवा, म्हणजे तुमचाच अर्ज घेता येईल.” शासकीय कार्यालयात इतके प्रामाणिक वाक्य मी पूर्वी ऐकलेले नव्हते. ते पाच शनिवार आले, वेळेवर आले, वहीत सुवाच्य टिपणे काढली. सहाव्या शनिवारी रीतीप्रमाणे त्यांनी शिकवले. त्यांच्या वाट्याला आलेली विद्यार्थिनी म्हणजे वर उल्लेखिलेली परिचारिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर. धडा संपताच तिने विचारले, “एवढंच होतं होय? मग दोन वर्षं तुम्ही लोकांना ‘उद्या या’ कशासाठी सांगत होता, भाऊसाहेब?” ते म्हणाले, “आजी, तेव्हा तुम्ही भेटला नव्हता ना.”

येथपर्यंत सर्व ठीक होते. पुढची चूक माझी : मी यादी खरी दिली. भाऊसाहेब शिकले, म्हणून लाभार्थी. त्यांनी शिकवले, म्हणून शिक्षक. दोन्ही रकान्यांत त्यांचे नाव मी स्वहस्ते लिहिले. आपण तत्परतेने कळवलेत की अर्जदार संस्थेशी हितसंबंध असलेला कर्मचारी तिची फाइल हाताळू शकत नाही. सबब फाइल “प्रणाली अवगत असलेल्या अन्य कर्मचाऱ्याकडे” वर्ग करावी.

असा अन्य कर्मचारी शोधण्यासाठी मी आपल्या कार्यालयातील अकराही जणांना समक्ष विचारले. नमुना लहान आहे, हे मान्य. पण निष्कर्ष एकमताचा होता.

आपणही स्वस्थ बसला नाहीत, याची नोंद घेणे न्याय्य ठरेल. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंना आपण तोंडी आदेशाने प्रणाली शिकण्यास पाठवलेत. अर्थात आमच्याकडेच, कारण गावात विनामूल्य शिकवणारे दुसरे कोणी नाही. त्या तीन शनिवारांत शिकल्या. पुढच्याच सोमवारी, आमच्या लाभार्थी ठरल्या म्हणून, अपात्र झाल्या. “मॅडम, मी पास झाले की नापास?” असे त्यांनी मला जिन्यात विचारले. विज्ञानाच्या पदवीला स्मरून मी ‘दोन्ही’ असे सांगितले. प्रयोग दोनदा केला, निष्पत्ती दोन्ही वेळा तीच आली. हाच वेग राहिला तर पुढील उन्हाळ्यापर्यंत आपले संपूर्ण कार्यालय पूर्णतः प्रशिक्षित आणि पूर्णतः अपात्र होईल.

महोदय, आम्ही अनुदान मागत नाही, सवलत मागत नाही, सत्कार तर नाहीच नाही. आमचे अस्तित्व आम्हांला ठाऊक आहे. ते आपल्याला ठाऊक असल्याचा एक कागद हवा आहे. डबे पोचवणाऱ्या बाई गेल्या महिन्यात मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म स्वतः भरून आल्या आणि आता शेजारणीचा भरत आहेत. हे काम भंगाराच्या भावाने जाऊ नये, इतकीच माझी तक्रार आहे. ती टोकदार वाटल्यास काट्याला दोष न देता वजन पाहावे.

वजाबाकी केल्यावर उरते ते असे. आपल्या कार्यालयात आमच्याकडून काहीही न शिकलेली, म्हणून निष्पक्ष, आणि सहीचा अधिकार असलेली व्यक्ती एकच आहे : आपण. प्रणालीची पुस्तिका आपल्याच खात्याने छापलेली असून तिचे गठ्ठे आपल्या खुर्चीमागील कपाटात, सुतळीसह, आहेत. त्यातील पान चौदावर अर्ज मंजूर करण्याच्या चार पायऱ्या आहेत. आम्ही त्या समजावून सांगणार नाही. सांगितल्यास आपणही अपात्र व्हाल.

आपण उद्या दौऱ्यावर आहात, शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी कार्यालय साडेनऊला उघडते. ट्रक दहाला येतो. मधली तीस मिनिटे आपल्या अधिकारात आहेत.

आपली नम्र, व तूर्त कायद्याने कोणीही नसलेली,

(सही)
समन्वयक, ‘सर्वांसाठी संगणक’

सोबत :
१. लाभार्थी व शिक्षकांची यादी (खरी, बदलणार नाही).
२. कंपनीच्या व्यवस्थापकांचे देणगीपत्र, ‘कोणास’ हा रकाना कोरा.
३. ग्रंथालयाचे संमतिपत्र.
४. खात्याच्या पुस्तिकेतील पान चौदाची छायाप्रत. कोणतीही खूण किंवा टीप केलेली नाही.