सात नंबरला मत देऊ नका

२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठ्या संगीतकारांच्या रोजनिशा पुढे लोक शोधत बसतात आणि त्या सापडत नाहीत. माझ्या बाबतीत ती अडचण नको.
दिवसा मी दातांच्या कवळ्या करतो. बऱ्या होतात. पण डॅन्यूब नदीकाठचं आमचं रूसे शहर मला ओळखेल ते संगीतासाठी.
संकल्प: रोज तासभर संगीत. रोज व्यायाम. राकिया, म्हणजे आमची फळांची कडक दारू, फक्त शनिवारी.

२ सप्टेंबर, संध्याकाळ
शेजारी आला होता. पाहुण्याचा मान राखावा लागतो. राकिया घेतली. व्यायाम उद्यापासून.

५ सप्टेंबर
नवा ट्रॅक मंडळाच्या साइटवर टाकला. मंडळ म्हणजे घरच्या घरी कंप्युटरवर संगीत करणारे आम्ही हौशी लोक. आपला ट्रॅक टाकायच्या आधी इतर तिघांचे ऐकून अभिप्राय द्यायचा, असा मंडळ चालवणाऱ्या आसेनचा नियम. आसेन वॉशिंग मशीनचे पार्ट विकतो, त्याला प्रत्येक गोष्टीबरोबर सूचनापत्रक लागतं. तिघांनाही लिहिलं, "बास चिखल झालाय, बाकी छान." ऐकत बसलो नाही. बास, म्हणजे खालचे घुमणारे सूर, सगळ्यांचाच चिखल असतो.

७ सप्टेंबर
कोणी कुठपर्यंत ऐकलं ते साइटवर दिसतं. माझा काचेचा पियानो, म्हणजे कंप्युटरमधला काचेसारखा किणकिणणारा आवाज, सुरू झाला की बहुतेक सगळे निघून जातात. म्हणजे तेवढ्यातच त्यांचं समाधान होत असणार.
अभिप्राय एकच, रादका बाईंचा. "ल्युबेन, तुझा पियानो फार बडबडतो. वर्गात तुझंही तेच होतं."
बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. रिटायर झाल्या आणि हेडफोन घालून बसल्या. वर्गाच्या खिडकीतून डॅन्यूब दिसायची आणि मला ती नकाशावर सापडली नाही, हे त्या अजून गावभर सांगतात. नकाशा उंच टांगला होता.

११ सप्टेंबर
मोठी बातमी! बिननावाची फेरी. सगळ्यांचे ट्रॅक नाव न लावता, नुसते नंबर देऊन साइटवर येणार. चर्चा, मग मतदान. जिंकेल तो ट्रॅक अठ्ठावीस तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर वाजणार. लोक खुर्च्यांवर बसून ऐकणार. मधेच उठायचं म्हटलं तर सगळ्यांदेखत उठावं लागेल.
खरं सांगायचं तर मला एवढंच हवंय. आजवर माझा एकही ट्रॅक कुणी शेवटपर्यंत ऐकलेला नाही. नेवेनानेही नाही, आणि ती बायको आहे. याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

१४ सप्टेंबर
नेवेना सकाळपासून बाल्कनीत लाल मिरच्या भाजतेय. हिवाळ्याची चटणी. घरभर धूर, डोळ्यांत पाणी. त्यात माझा पियानो. म्हणाली, ते किणकिणणं बंद कर, नाहीतर मिरच्यांबरोबर तुलाही भाजते. म्हणून प्रोग्रॅममध्ये पियानोचं बटण तेवढं बंद ठेवलं आणि नुसते ढोल आणि बास नीट करत बसलो. मग बरण्यांची झाकणं घट्ट करायला बोलावणं आलं. परत येतोय तोवर मुदत संपत आलेली. घाईघाईने फाइल काढली, आसेनला पाठवली.
ऐकून बघितली नाही. पोराला शाळेत सोडताना कोणी त्याचा चेहरा तपासतं का?

१७ सप्टेंबर
ट्रॅक आले. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून आसेनने प्रत्येकाचा मधला तुकडाच ठेवलाय. मला काय फरक पडतो? चार नंबर पहिल्या सुरालाच ओळखला. काचेचा पियानो! हा पियानो इंटरनेटवर फुकट मिळतो, निम्म्या मंडळाकडे आहे. पण वाजवावा मीच.
अंगावर काटा आला. मधला भाग इतका सुरेख जमलाय हे माझ्याही ध्यानात नव्हतं. काही सूर तर कधी घातले तेच आठवत नाही. याला प्रतिभा म्हणतात.
सात नंबर: ढोल, बास आणि मधे मोकळी जागा. बाकी काही नाही. पट्टीने आखल्यासारखं. हा रादका बाईंचा, लिहून देतो.

१९ सप्टेंबर
अनर्थ. सात नंबर पुढे आहे! चार दुसरा.
गप्प बसणं हा कलेवरचा अन्याय ठरला असता. साइटवर लिहिलं, "सात नंबरच्या माणसाकडे सांगण्यासारखं काहीच नाही. त्याने दुसरा छंद बघावा. बागकाम वगैरे."
बाईंचं उत्तर आलंच. "सात नंबरवाल्याला कुठे गप्प बसायचं ते कळतं. आपल्यापैकी आणखी कुणाला कळतं, सांगा बरं."
स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची! या वयात! मला त्यांची कीव आली.

२२ सप्टेंबर
प्रचार जोरात. गुरुवारपर्यंत मत बदलता येतं. मी दोघांची बदलवली. मंडळातला म्हातारा स्तामेन माझं गिऱ्हाईक आहे. त्याला म्हटलं, कवळी हलत असेल ना, या, घासून देतो. तो म्हणाला, हलत नाही रे. म्हटलं, हलेल, या. खुर्चीत बसवून सात नंबरचे दोष एकेक करून समजावले. त्याच्या तोंडात माझी बोटं होती, त्यामुळे त्यालाही सगळं पटलं.
व्यायाम झाला नाही. निवडणुकीच्या दिवसांत अशक्य आहे.

२६ सप्टेंबर
जिंकलो!! चार नंबर, एका मताने. आसेनचा फोन: नावं हॉलमध्येच जाहीर करणार. आणि चार नंबरसाठी तूच सगळ्यात जास्त भांडलास, तेव्हा ओळखही तूच करून दे. म्हटलं, आता तुम्ही म्हणताच आहात तर.
नवा शर्ट. भाषण तयार. नेवेना येते म्हणाली. म्हटलं, शेवटपर्यंत बसायचं हं. म्हणाली, दार कुठल्या बाजूला आहे ते आधी बघते.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
लिहितो. लिहायलाच हवं.
हॉल भरला होता. मी बोललो. म्हटलं, या ट्रॅकमागे एक प्रचंड, नम्र, आजवर दुर्लक्षित राहिलेली प्रतिभा आहे, आणि आज या गावाने तिची माफी मागायला हवी. टाळ्या. चार नंबर पूर्ण वाजला. सुरुवात जरा अनोळखी वाटली, पण मोठ्या स्पीकरवर तसं होत असणार. कोणी जागचं हललं नाही. नेवेनासुद्धा. मी रडलो.
मग आसेनने नाव वाचलं. रादका बाई.
मला वाटलं कागद चुकला. बाई वर आल्या, माझे दोन्ही गाल ओढले आणि म्हणाल्या, अरे ल्युबेन, शाळेत एवढं चांगलं कधी बोलला नाहीस रे!
पुढे आसेनने दुसऱ्या नंबराचं नाव वाचलं. सात नंबर, ल्युबेन देनेव.
मग स्तामेन हसायला लागला आणि पाठोपाठ अख्खा हॉल. मी केलेली कवळी पार मागच्या दाढेपर्यंत दिसत होती.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी माझं मत सातला दिलं होतं रे. एका मताने गेलं तुझं. तू कुणाला दिलंस?
मी म्हटलं, गुप्त मतदान आहे.

२९ सप्टेंबर
विचारांती: दोष मिरच्यांचा आहे. पियानोचं बटण बंद राहून गेलं आणि अर्धाच ट्रॅक स्पर्धेत गेला, तो पियानोशिवाय मलाही ओळखू आला नाही. सकाळी पियानोसकट पूर्ण ट्रॅक साइटवर टाकला, खाली खुलासा दिला. बाईंचं लगेच उत्तर: "चांगल्या ट्रॅकवर हा पियानो कोणी सांडला? पुसून काढ."

२९ सप्टेंबर, दुपार
काही न सांगता स्पीकरवर सात नंबर लावला, पहिल्यापासून. बिनपियानोचा. नेवेना बरण्या घेऊन चालली होती, ती दारातच थांबली. शेवटचा ठोका वाजेपर्यंत उभी राहिली. मी मान वर केली नाही. इतकी वर्षं मी याच क्षणासाठी थांबलो होतो.
म्हणाली, छान आहे हे. कुणाचं?
म्हटलं, माझं.
ती खूप हसली. म्हणाली, तुझं असतं तर मला ओळखू आलं नसतं का? आणि बरण्या घेऊन आत गेली.
तिला पटावं म्हणून थोडासा पियानो घातलाय.