शनिवारचं येणं बंद केलं त्याबद्दल

सर, तुम्ही वृत्त शिकवायचात तेव्हा हातातली अंगठी टेबलावर आपटायचात. टक टक, जरा थांबून पुन्हा टक. अंगठी सैल होती, त्यामुळे प्रत्येक ठोक्यामागे एक बारीकसा खुळखुळाट यायचा, आणि आम्ही चाळीस-पन्नास मुलं तो खुळखुळाट संपला की श्वास घ्यायचो. सगळी एकदम, एकाच जागी. कल्याणच्या त्या वर्गात एवढ्या मुलांनी मिळून घेतलेल्या श्वासाचा आवाज मी पुढे कुठे ऐकला नाही. परवा टीव्हीसमोर बसलो होतो तेव्हा तो ठोका कानात वाजला. आपल्या एका वाहिनीवर रोज बातम्या सांगणारा एक मुलगा (मुलगा कसला, पंचेचाळिशी उलटली आहे त्याची) त्या दिवशी बातम्या सांगत नव्हता, मुलाखत देत होता. म्हणाला, "मी दहा वर्षांचा असताना घरी येणाऱ्या एका माणसाने माझ्याशी नको ते केलं. वर्षभर." मग थांबला. जिथे थांबायचं नसतं तिथे थांबला. आणि मग म्हणाला, "दुसरी गोष्ट, मी समलिंगी आहे. माझा जोडीदार आहे, आम्ही बारा वर्षं एकत्र राहतो आणि सुखात आहोत. दोन्ही गोष्टी माझ्या आहेत, पण पहिलीमुळे दुसरी झालेली नाही. लोक त्यांची गाठ मारतात, म्हणून एकदा स्वच्छ सांगतो." त्याला मी ओळखतो, सर. बातमी कशी वाचायची हे त्याला मी शिकवलं आहे. आणि मला ते तुम्ही शिकवलंत.

आज सकाळी आमच्या डोंबिवलीच्या बागेत, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, हाच विषय. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळ्याची कारणं ठाऊक असतात. ते म्हणाले, "साधं आहे हो. लहानपणी तसं झालं, म्हणून हा असा झाला. डोक्यात बसतं ते." त्यावर आमच्यातल्या एक शिक्षिकाबाई, गुडघ्याला पट्टा बांधत होत्या, मान वर न करताच म्हणाल्या, "आणि ज्याने केलं तो कशामुळे तसा झाला? त्याला तर बायकामुलं असतील चांगली. तेही सांगा की." सगळे हसले. रेल्वेवाले म्हणाले, "बाई, तुमच्याशी बोलायची सोय नाही." मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "तुमचाच ना तो चेला? तुम्हाला कधी काही वाटलं नाही?" मी म्हटलं, "त्याचा 'ळ' फार छान आहे." पुन्हा सगळे हसले. मी घरी आलो, चहाही केला नाही, आणि हा कागद पुढे ओढला.

तुमचं कल्याणचं घर मला अजून पायऱ्यांसकट पाठ आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तीन-चार कवितावेडी मुलं तुमच्या मागोमाग यायचो. स्वयंपाकघरात काकू शेगडीपाशी बसलेल्या असायच्या, तव्यावर थालीपीठ, ताटलीत लोण्याचा गोळा, आणि तो वितळायच्या आत थालीपीठ संपवणाऱ्याला दुसरं मिळायचं. हात धुऊन आम्ही पुढच्या खोलीत यायचो. तुम्ही झोपाळ्यावर. म्हणणाऱ्याने मध्ये उभं राहायचं नाही, भिंतीशी, कपाटाच्या बाजूला उभं राहायचं, हा तुमचा नियम. "कवितेच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये यायचं नाही. तू बाजूला हो, तिला येऊ दे." मी बाजूला व्हायचो. अकरा वर्षांचा होतो, आणि कविता खरंच खोलीत यायची, सर. दाराशी चप्पल काढून येणाऱ्या पाहुण्यासारखी.

तुमचे एक धाकटे भाऊ तेव्हा तुमच्याकडे राहत होते. त्यांना नोकरी लागायची होती, मुलांचे लाड फार करायचे. जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर होते, ते काढायला ते मला वर बोलवायचे. "तू हलका आहेस, तू चढ." असे तीन शनिवार. वर काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. लिहायला हरकत आहे म्हणून नाही, पण तुम्ही हे वाचत असता तर पुढचं वाचू शकला नसता, आणि तुम्ही पुढचं वाचायला हवं आहे. खाली तुमचा आवाज येत होता. दुसऱ्या मुलाला तुम्ही यती, म्हणजे ओळीत कुठे थांबायचं ते, समजावत होतात. मी वर तो आवाज धरून राहिलो. चौथ्या शनिवारी मी आलो नाही.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला व्हरांड्यात गाठलंत. हातात हजेरीचं पुस्तक, शेंदरी पुठ्ठ्याचं. "काय रे, येत का नाहीस? कुणी काही बोललं का तुला आमच्याकडे?" तो प्रश्न तुम्ही विचारलात, हे मी कधी विसरलो नाही. त्या काळात असं मुलाला कोण विचारत होतं? मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, मी तोंड उघडलं तर हा चेहरा, ते थालीपीठ, झोपाळा, सगळं एका वाक्यात जाईल. मी म्हटलं, "कंटाळा आला, सर. कवितेचा." तुम्ही हजेरीचं पुस्तक काखेत धरलंत. मग म्हणालात, "बरं. कंटाळा आला तर येऊ नये. पाठ झालेली कविता आपली असतेच असं नाही." एवढाच काय तो बोल लावलात. आणि वर्षाच्या शेवटी दुसऱ्या मुलाच्या हाती एक वही पाठवलीत, जांभळ्या शाईने तुमच्या हाताने उतरवलेल्या कविता. आत काही लिहिलं नव्हतंत. तुम्हाला वाईट वाटलं होतं, हे मला त्या कोऱ्या पहिल्या पानावरून कळलं.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. मी दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर, आणि पुढे केबल घरोघरी आली तेव्हा संध्याकाळी आमच्या गावच्या केबलवर बातम्या वाचणारा. एका इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची खोली, मागे निळा पडदा, वर कोट आणि खाली लेंगा. पाणी कुठे येणार नाही, कुठल्या मंडळाचं रक्तदान आहे, कुणाचा मुलगा बोर्डात आला. कागदावर मी पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून घ्यायचो, जिथे श्वास घ्यायचा तिथे. भाजीवाली मला आवाजावरून ओळखायची. लग्न केलं नाही. त्याचं कारण तुम्हाला सांगायला आता मला लाज वाटत नाही, म्हणजे परवापासून वाटत नाही. कारखान्यातलाच एक फिटर होता, कळव्याला राहायचा. बावीस वर्षं दर रविवारी दुपारी तो माझ्याकडे जेवायला यायचा, मी वाचायचो, तो ऐकता ऐकता सतरंजीवर झोपी जायचा. कवितेतलं त्याला काही कळत नव्हतं. "वाच ना, आवाज चालू दे," म्हणायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. आणि त्या बावीस वर्षांत, सर, कितीतरी रविवारी त्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या मनात यायचं, हे जे माझं चांगलं आहे ते त्या माळ्यावरून तर आलेलं नाही ना? एवढं एक सुख, आणि त्यावरही मी संशय घेतला. त्याला कधी सांगितलं नाही. परवा त्या पोराने टीव्हीवर दोन वाक्यांत ती गाठ सोडवली आणि मी रडलो, म्हाताऱ्यासारखा, नाक गळेपर्यंत.

आता जे सांगायचं ते. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तुमचे भाऊ गेले. केबलवर निधनवार्ता असायच्या, माणसं चिठ्ठी आणून द्यायची आणि मी ती नीट करून वाचायचो. त्या दिवशी चिठ्ठीत नुसतं नाव, वय आणि अंत्ययात्रेची वेळ होती. मी सवयीने, हो, निव्वळ सवयीने, त्यात भर घातली. 'मनमिळाऊ' लिहिलं. 'मुलांमध्ये रमणारे' लिहिलं. सगळ्यांसाठीच लिहायचो तसलं काहीतरी. आणि कोट घालून ते वाचलं. कॅमेऱ्यामागे तोच, मुलाखतीतला मुलगा होता, तेव्हा कॉलेजात, माझ्याकडे वाचन शिकायला येणारा. दिवे बंद झाल्यावर म्हणाला, "सर, आज तुम्ही एकदाही श्वास घेतला नाहीत." मी कागद गोळा करत राहिलो. तो स्टुलावर बसला. म्हणाला, "तुम्ही ओळखत होतात का त्यांना?" मग आपणच म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. माझं. लहानपणीचं." त्याचा आवाज कसा झाला होता, सर. मला कळलं, काय येणार ते मला पुरतं कळलं. आणि मी म्हटलं, "बातमी सांगणाऱ्याने मध्ये यायचं नसतं. बाजूला व्हायला शीक."

तुमचा नियम. शब्द न् शब्द तुमचा, आणि मी तो त्याच्या तोंडावर दारासारखा लावला. तो "हो सर" म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. पुढे तो मोठ्या वाहिनीत गेला, दर गुरुपौर्णिमेला फोन करतो, प्रकृती विचारतो. मुलाखतीत त्याला विचारलं, आधी कुणाला सांगितलं का नाही? म्हणाला, "एकदा प्रयत्न केला होता. त्यांचा दोष नाही, त्यांना वेळ नव्हता." वेळ होता मला. गच्चीवर बसून मी नंतर तासभर खाडीकडे बघत होतो.

दोन दिवस त्याचा नंबर काढून ठेवलाय. पण आधी तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं, कारण पहिल्यांदा विचारलं होतंत ते तुम्ही. आणि हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाहीच, टपालपेटीने तुमच्यापर्यंत जाण्यातलं ते नाही. एवढंच लिहून थांबणार होतो: मला कवितेचा कंटाळा आला नव्हता, सर. एक दिवसही नाही.

बेल वाजली. दुपारी माझ्याकडे कुणी येत नाही. बघून येतो.

पुन्हा लिहितोय, स्वयंपाकघरात उभ्याने, ओट्यावर कागद ठेवून. जाळीच्या दाराबाहेर एक बाई उभी होती, सत्तरीच्या आसपास, हातात काठी, जिना चढून धाप लागलेली. कपाळ तुमचं. म्हणाली, "ओळखलंत का दादा? मी सरांची मुलगी. कल्याणहून रिक्षा करून आले. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून पत्ता काढला तुमचा." मी दार उघडलं. ती आत आली, पण बसेना. म्हणाली, "ती टीव्हीवरची मुलाखत पाहिली मी. घरात कुणाला विचारू, बाबा नाहीत, आई नाही. तुम्ही शनिवारी यायचात आमच्याकडे. मग एकदम यायचे थांबलात. तुम्ही का थांबलात, ते मला सांगाल? मग मी पण एक सांगेन. आमच्या काकांचं." आणि बसली, आणि पाणी मागितलं.

ते न्यायला मी आत आलोय. सर, साठ वर्षं मी समजत होतो की गप्प राहून मी तुमचं घर सांभाळलं. त्या घरात एक लहान मुलगीही राहत होती, हे माझ्या मनात आज, तिला दारात पाहीपर्यंत, एकदाही आलं नव्हतं.