पानावरची कुळं

मी, सारजाबाई भ्र. मुंजाबा वाघमोडे, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचा व आता शेती, राहणार क्रांती चौकाजवळ, औरंगाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकात, भरीस किंवा भुलीत न पडता, पूर्ण शुद्धीवर राहून सांगत आहे आणि वकीलसाहेब लिहून घेत आहेत. ‘पूर्ण शुद्धीवर’ हे शब्द त्यांनी जरा ठळक लिहावेत. कारण माझा पुतण्या बद्रीनाथ गावभर सांगत फिरतो की, मोठ्या मायला भ्रम झालाय, तिला झाडाच्या पानावर कुळं राहताना दिसतात. दिसतात! खोटं कशाला बोलू? ज्याला बघायची असतील त्यानं माझ्याकडं यावं, मी भिंगाखाली दाखवते.

कलम १. मौजे पिंपळटाकळी, तालुका गंगापूर येथील गट नंबर ११८ मधील तीन एकर रान. माझे सासरे मेंढरं राखायचे आणि एका देशमुखाचं रान कसायचे. निजाम गेला, कुळकायदा आला, कसणारा म्हणून कागदावर सासऱ्यांचं कूळ लागलं आणि रान आमचं झालं. पुढं भावाभावांच्या वाटणीत हे तीन एकर माझे मालक मुंजाबा यांना आले आणि तेही वारले. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून फेरफार माझ्या नावे झाला. हे सगळं रान, विहिरीतल्या वाट्यासह, मी कडुबा रंगनाथ साळवे यांस देते.

कडुबा माझ्या नात्याचा नाही, जातीचा नाही. बद्रीनाथची हरकत नेमकी तीच आहे. तो म्हणतो, “मोठी माय, कुळाबाहेर रान देऊ नको.” वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात कारण लिहायची गरज नसते. मी म्हणाले, तुम्हाला नसेल साहेब, मला हाय. लिहा.

सन १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत वस्त्या पेटल्या. आमच्या गावातलं कडुबाचं घर जळालं. जाळणाऱ्यांत आमच्या भावकीचे हात होते का, हे मला विचारू नये. मला ठाऊक आहे, आणि त्या हातांना मी पुन्हा कधी भाकरी वाढली नाही. कडुबा तेव्हा कॉलेजात शिकत होता आणि आमच्याच प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करत होता. त्याला मी माझ्या खोलीवर आणलं. घरमालक कुरकुरला. मी त्याला म्हणाले, भाडं मी देते का तू?

प्रयोगशाळेत तात्यासाहेब सर होते. आगर, म्हणजे समुद्रशेवाळाची पेजेसारखी खळ, शिजवून काचेच्या बशीत ओतायची, ती गोठली की त्यावर जोंधळ्याचं पान टेकवायचं, उचलायचं आणि बशी ऊबदार कपाटात ठेवायची. तीन-चार दिवसांनी पानावरचे जिवाणू वाढून त्या बशीत पानाचाच ठसा उमटतो. सन १९७९ साली काही ठसे गुलाबी आले, रांगोळी भरल्यासारखे. सर सगळ्यांदेखत म्हणाले, “बाईंचे हात घाण. बशा बाटवल्या. फेकून द्या.”

मी फेकल्या नाहीत. दोन कोऱ्या बशा काढल्या, एकीवर माझा पंजा टेकवला आणि दुसरी सरांपुढं धरली. मी म्हणाले, “आता तुमचा टेकवा.” सर हसले, पण टेकवला. चौथ्या दिवशी माझ्या बशीत पांढरे-पिवळे ठिपके होते, गुलाबी एकही नाही. सरांच्या बशीत माझ्या दुप्पट जत्रा भरली होती. पोरं तोंडं फिरवून हसली. सरांनी महिनाभर माझ्याशी बोलणं सोडलं. मला मात्र त्या महिन्यात लई निवांत वाटलं.

मग मी बघू लागले की गुलाबी येतं कुठून. पानं आमच्या शिवारातून यायची, तिथं जोंधळ्याचे दोन वाण होते. एकाच्या पानाला आणि खोडाला राख फासल्यागत पांढरं मेण असतं, त्याला आम्ही राखुंडी म्हणतो. दुसरा हिरवागार चकचकीत, तो नितळी. गुलाबी ठसा यायचा तो नितळीचा. राखुंडीवर आलाच तर एखाद-दुसरा ठिपका. सर म्हणाले, “रानारानाचा फरक आहे, वाळूजला कारखाने होताहेत, त्यांच्या धुळीचा गुण आहे.” कॉलेजच्या शेतात मला कोण पेरू देणार? मी माझ्या तीन एकरांत एक ओळ राखुंडी, एक ओळ नितळी अशी पेरली. तेच पाणी, तीच धूळ, तेच वारं. दोन वर्षं ओळींच्या जागा बदलल्या. गुलाबी नितळीच्या मागं चालत गेलं.

सर म्हणाले, “मग ते जीव दाण्याला चिकटून येत असतील.” ही शंका रास्त होती, हे मी कबूल करते. म्हणून कडुबानं आणि मी नितळीच्या कणसातली फुलं उमलायच्या आत त्यांचे परागकोश चिमट्यानं काढले, कागदी पिशवी बांधली आणि सकाळी राखुंडीचा पराग आणून त्यावर झटकला. मान मोडली, डोळे फुटायची वेळ आली. ते दाणे पुढच्या रब्बीला पेरले. आई नितळी, तरी लेकी सगळ्या राखुंडी निघाल्या, आणि ठशांत गुलाबी जवळजवळ नाही! दाण्याला चिकटून आलं असतं, तर लेकींच्या पानांवर दिसायला नको? पानाला मेण असावं की नसावं हे झाडाचं कूळ ठरवतं, आणि मेणावर कोण नांदेल ते मेण ठरवतं. कडुबाला मी त्याच दिवशी म्हणाले, “बघ रे, पान म्हणजे रान, अन् हे गुलाबी म्हणजे त्याची कुळं.”

त्या लेकींचा दाणा पुन्हा पेरला. दोनशे बारा झाडं उगवली. एकशे अठ्ठावन्न राखुंडी, चोपन्न नितळी. आजीचा गुण नातींत परत आला, आणि त्या चोपन्नांपैकी एक्कावन्नांच्या बशा गुलाबी झाल्या. तीन बशांनी दगा दिला, त्याही वहीत लिहिल्या आहेत. त्या दिवशी मी बांधावर फुगडी घातली. वय पंचावन्न. कडुबा लाजून विहिरीकडं निघून गेला.

सरांनी मग सगळ्या वह्या वाचल्या. सन १९८८ साली एका मोठ्या मासिकात लेख छापून आला. सरांचं नाव पहिलं, कडुबाचं दुसरं, माझं तिसरं. परदेशातून ‘डॉक्टर वाघमोडे साहेब’ यांना पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, “असं कोणी इथं राहत नाही.” मी म्हणाले, “राहतं, आण इकडं.”

ही बातमी ऐकून बद्रीनाथ मला म्हणाला, “बघ मोठी माय, शास्त्रच सांगतंय, कूळ महत्त्वाचं.” मी त्याला रानात नेलं आणि म्हणाले, “इथं ती दोनशे बारा झाडं उगवली, ती एका कणसाची नातवंडं. त्यात राखुंडी बी व्हती, नितळी बी व्हती, शेजारी शेजारी. जोंधळ्याचं कूळ तुझ्याएवढं ताठ नाय, बाबा. अन् झाडाला आपलं पान बदलता येत नाय. माणसाला दार उघडता येतं.” आमच्या घरात कूळ या शब्दाचा कायद्यातला अर्थ एकच आहे: जो कसतो तो. माझे गुडघे गेल्यापासून हे रान कडुबानं कसलं. म्हणून ते कडुबाचं.

आत्ताच लिहायचं कारण असं. गेल्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. कडुबा विद्यापीठाच्या वेशीपाशी जाऊन आला आणि माझ्या पायांशी बसून ढसाढसा रडला. सोळा वर्षं त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. मीही रडले, मग दोघांनी पेढे खाल्ले. त्याच आठवड्यात बद्रीनाथ एका प्लॉटवाल्याला घेऊन हुरड्यातल्या जोंधळ्यात टेप लावत होता. त्या प्लॉटवाल्याला कारखान्याच्या शेड घालायच्या आहेत. पंधरा वर्षांच्या ओळी मोडल्या, तर पुन्हा पहिल्यापासून कोण दाखवणार? मला विचारलं तर म्हणतो, “भ्रमिष्ट बाईचा कागद कोर्टात टिकत नाय. अन् घरचं कोणी तुझ्या बाजूनं सही करणार नाय.”

कलम २. बियाणं. राखुंडी आणि नितळी हे दोन्ही वाण, सगळ्या वह्यांसह, कडुबाकडं राहतील. दर रब्बीला किमान चार ओळी आलटून-पालटून पेराव्यात. कारखान्यांचा धूर आता बांधापर्यंत आला आहे, तरी यंदाही नितळी गुलाबीच आली. पिवळे ठिपके कोणाच्या मागं चालतात, हा प्रश्न अजून सुटायचा आहे. कोणीही दाणा मागितला तर ओंजळभर द्यावा, मात्र नाव बदलून विकू नये.

कलम ३. बजाजनगर येथील दोन खोल्यांचं घर बद्रीनाथ सोनाजी वाघमोडे यास. पुतण्या आहे, कंपनीत राबतो, त्याला छप्पर पाहिजे. माझा राग रानापुरता आहे.

कलम ४. चिमटा, भिंग, स्टो आणि प्रेशर कुकर कडुबास. कुकरात आजवर फक्त आगर शिजलं. वरण शिजवायचं असल्यास आधी तीनदा घासावा.

कलम ५. चार शेळ्या माझी धाकटी जाऊ, बद्रीनाथची आई वच्छलाबाई हिच्या नावे केल्या होत्या. हे कलम तिच्याच सांगण्यावरून खोडलं आहे. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं की, ज्याला या कागदानं काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये. शेळ्या आता कडुबाच्या.

कलम ६. तात्यासाहेबांबद्दल मनात होतं ते वर सांगून झालं. माझ्या दहाव्याला त्यांनी यावं, आणि जेवण्याआधी हात धुवावेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही मी स्वतः करते. बशांवर ‘रा’ आणि ‘नि’ लिहिता लिहिता कडुबानं मला अक्षरं शिकवली.

(सही) सारजाबाई वाघमोडे
औरंगाबाद, दिनांक २ फेब्रुवारी १९९४

साक्षीदार पहिले: मी, तात्यासाहेब, निवृत्त प्राध्यापक. बाईंनी माझ्यादेखत सही केली. त्यांच्या शुद्धीबद्दल शंका घेणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावे. सन १९७९ साली मी ती घेतली होती आणि सपशेल हरलो. (सही)

साक्षीदार दुसऱ्या, त्यांनी सांगितले तसे लिहून घेतले: मी वच्छलाबाई भ्र. सोनाजी वाघमोडे, बद्रीनाथची सख्खी माय. जाऊबाईनं सही केली ती मी डोळ्यांनी पाह्यली. ती शुद्धीवर हाय. रान कोण कसतं ते बी मी बांधावरून पाह्यलंय. मला शेळ्या नगं. बद्री कोर्टात गेला, तर त्याला सांगा, पलीकडच्या बाजूला तुझी माय उभी ऱ्हाईल. (डाव्या हाताचा अंगठा)