फिल्ममधलं पाणी कोण पळवतं?

सोमवार, ३
आजपासून रोजनिशी. कुलपात. लॅबमध्ये कुणावर भरवसा ठेवावा अशी परिस्थिती उरलेली नाही.
काम साधं. पॉलिमरची पातळ फिल्म भिजवायची, वरवर टिपायची, मशीनमध्ये तापवायची. वजन जितकं घटेल तितकं तिच्यात पाणी होतं. एकाच फिल्मचे तीन तुकडे केले. पाणी अठरा टक्के, अकरा टक्के, सात टक्के. मशीन तेच, मी तोच. म्हणजे तिसरं कोणीतरी आहे.

मंगळवार, ४, सकाळी ११
संशय शेजारच्या टेबलावरच्या मॅडमवर. माझ्याआधी येतात. माझ्यानंतर जातात. हसतात.
संकल्प: पाळत.

बुधवार, ५
भिजवलेली फिल्म बशीत उघडी ठेवून बाहेर गेलो. दाराच्या काचेतून चाळीस मिनिटं नजर. घड्याळ लावून. कोणी फिरकलं नाही, तरी पाणी नऊच टक्के. बाई भलत्याच हुशार.

गुरुवार, ६
पाळत: पंधरा मिनिटं, पंचवीस, साठ. पाणी दर वेळी कमी. मशीनवाले काका म्हणाले, पंख्याखाली उघडी ठेवली तर वाळणारच.
काकाही फितूर.

शुक्रवार, ७
पुरावा! बशीवर काचेचं झाकण. मी ठेवलं नव्हतं. पाणी पुन्हा अठरा. म्हणजे आता वाढवतायत!
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, झाकलं तर बिघडलं कुठे, मीही भाजी झाकते. तिला संशोधनातलं काय कळणार.

सोमवार, १०
विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार. चार पानं. मॅडमची नोकरी कायम होण्याची मुलाखत याच महिन्यात आहे, हे नंतर कळलं. सत्यापुढे माझा नाइलाज आहे. जेवण गेलं नाही. पित्त असावं.

बुधवार, १२, दुपारी ३
चौकशी. मी मुद्देसूद बोललो. मॅडमनी नाकारलं नाही.
"झाकण मीच ठेवलं," त्या म्हणाल्या. "फिल्म वाळते, मग तुम्ही दिवसभर स्वतःशी बोलत बसता. बघवत नाही."
प्रमुखांनी विचारलं, भिजवल्यापासून मशीनपर्यंत किती वेळ जातो याची नोंद ठेवता का. नाही म्हणालो. पाळतीची नोंद मात्र मिनिटासकट दाखवली. त्यांनी ते पान घेतलं, एकीकडे वेळ मांडली, दुसरीकडे पाणी. ठिपके जोडले. वेळ वाढेल तसं पाणी कमी, एकही ठिपका इकडेतिकडे नाही. इतका स्वच्छ आलेख या विभागात वर्षभरात निघाला नव्हता म्हणे.
काकांनी पाणी आणून दिलं.

गुरुवार, १३
तक्रार मागे घेतली. आलेख मॅडमच्या शोधनिबंधात जाणार, त्यांचा विषयही फिल्म वाळण्याचाच. शेवटी एका ओळीत माझे आभार.
माफी मागायला त्यांच्या टेबलापर्यंत गेलो. नाव घेऊन बोलावं म्हटलं, तर नाव आठवेना. दोन वर्षं शेजारी बसतोय. शेवटी तक्रारीची प्रत काढून बघितली. चारही पानांत नुसतं 'सदर महिला'.