बर्फाचा धंदा

बाबा, तुमच्या लाडक्या लेकाने बर्फाचा धंदा काढला हे कळलं असतं तर तुम्ही मिशीला पीळच दिला असता. मी तरी कुठे मागे होते? गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली. मी मागच्या पडवीत कोलंबी सोलते आहे आणि हा फोनवर कुणाला तरी विचारतो, "बर्फ इलो काय? चांगलो आसा मा?" आपल्या बंदरावर बर्फ म्हणजे मासळीचा, दुसरा कुठला असतो? तुमचा जन्म गेला बर्फाच्या कारखान्यात लाद्या काढण्यात. खाटेवर लोळणारा चाळिशीचा घोडा अखेर बापाच्या वाटेला लागला म्हणून मी आळीभर पेढे वाटले. शेजारची काकी म्हणाली, "बापाशीचा रगात खंय जातला!"

रगत कसलं, लाड म्हणा. आठवतं, एकदा तुमचा डबा घेऊन आम्ही दोघं कारखान्यात आलो होतो. मी जमिनीवरचा तुकडा उचलला तर केवढ्याने ओरडलात, "माशांचो बर्फ तो! तोंडात घातलंस तर थोबाडीत खाशीत!" आणि ह्याने भोकाड पसरल्याबरोबर तोच तुकडा रुमालात गुंडाळून ह्याच्या हातात दिलात. एकुलता एक झील ना! तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, पण मला अजून राग येतो.

ह्याचा बर्फ पुडीत मिळतो. त्याला मेथ म्हणतात. काचेच्या खड्यांसारखं रसायन, त्याचा धूर ओढायचा. मग तीन-तीन दिवस झोप नाही, ताटातली पेज तशीच. गालफडं बसली, पँट कमरेवर ठरेना, दाढा काळ्या पडून भुगा झाल्या. हात खाजवून खाजवून रक्त काढायचा. "गो ताये, कातडेखाली किडे फिरतत, तुका दिसनत नाय?" मला एकच किडा दिसत होता, खाटेवर बसलेला. पोलीस पाळत ठेवतात म्हणून ह्याने खिडक्यांना पेपर चिकटवले. ह्या रत्नावर पाळत ठेवायला पोलिसांना दुसरी कामं नाहीत! नशा उतरली की दोन दिवस मेल्यासारखा झोपायचा, उठून अधाशासारखा जेवायचा आणि जेवता जेवता रडायचा. काकी म्हणाली, बाहेरचा काय तरी आसा, देवाक गाऱ्हाणा घाल. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली मी, निमूट नारळ घेऊन गेले. थूः माझ्या शिक्षणावर!

परवा दुपारी अंगणात छाती धरून खालीच बसला. नाडी सुसाट, प्रेशर भलतंच. डॉक्टर म्हणाले, हृदय फुगलंय, रक्त नीट पुढे ढकलत नाही. ह्या नशेने तरुणांनाही झटका येतो, मेंदूतली शीर फुटते. नशा सोडवायला हमखास अशी गोळी नाही. कायमची सुटली तर हृदय थोडंफार सावरेल, पुन्हा ओढली तर जिवाची खात्री नाही. मग त्यांनी विचारलं, "सिस्टर, कधीपासून घेतोय? तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "आत्ताच, तुमच्याकडून."

हे पत्र टपालात पडणार नाही ते बरंच आहे. तुम्ही असतात तरी पुढचं मी तुम्हाला वाचू दिलं नसतं. गेल्या वर्षीच, गणपतीआधी कपडे धुवायला काढले तेव्हा ह्याच्या खिशात काळवंडलेली काचेची नळी सापडली होती. ती कशाची, हे मला कुणी सांगायला नको होतं. तेव्हा ह्याचे दात शाबूत होते, अंगावर एक ओरखडा नव्हता. पण पेढे वाटून झाले होते आणि सगळी मंडळी चार दिवसांत घरी यायची होती. मी नळी साबणाने स्वच्छ धुतली, पुसली आणि ह्याच्या धुतलेल्या पँटच्या खिशात परत ठेवली.