बोळातल्या चार काठ्या

प्रिय बायो,

पत्र पाहून दचकू नकोस, ढब्बू अजून जिवंत आहे. समोर चटईवर शेपूट पसरून पडलाय आणि माझ्याकडेच बघतोय. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज कापतो आणि तू लगेच काय झालं म्हणून विचारतेस, म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

तू ठरवून दिलंस तसं दर गुरुवारी त्याला पाण्याच्या उपचाराला नेतो. काचेची टाकी, तळाशी सरकता पट्टा, कोमट पाणी त्याच्या कमरेपर्यंत. पाण्यात अंगाचं ओझं कमी होतं, म्हणून दुखऱ्या पायांनाही चालता येतं, असं तिथल्या व्यायामवाल्या बाई सांगतात. पहिल्या दिवशी पाणी चढायला लागलं तेव्हा मी काच धरून उभा, घाम मला फुटलेला. तो मात्र केशरी जाकीट घालून साहेबासारखा चालला. तेरा वर्षांचं म्हातारं कुत्रं, पण ऐट बघावी. घरचा व्यायामही बाईंनी शिकवला. बोळात चार काठ्या आडव्या ठेवायच्या आणि दिवसातून तीनदा त्या त्याला एकेक पाय उचलून ओलांडायला लावायच्या. फरशीवर घसरू नये म्हणून मी घरभर चटया अंथरल्या आहेत. आता मीच त्यांना अडखळतो.

बाई दर महिन्याला टेपने त्याची मागची मांडी मोजतात. परवा मोजली, परत मोजली, आणि टेप मलाच दाखवला. चार महिने पाण्यात चालून मांडी उलट बारीक झाली होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "आजोबा, घरी हा चालतो, का तुम्हीच याला उचलून फिरवता?"

खोटं बोलवेना. पहिल्याच आठवड्यात तो काठीला अडखळून कण्हला होता. तेव्हापासून मी उचलतोय. वाटीपाशी, अंगणात, पायऱ्यांवरून. काठ्या कोपऱ्यात उभ्या आहेत. त्याचं कण्हणं ऐकलं की माझे हात आपोआप पुढे होतात. तुझ्या आईलाही मी असंच उठू दिलं नव्हतं, पडेल म्हणून. मग तिला उठताच येईना.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून नुसता आधार द्या, पाऊल त्याला टाकू द्या. सहा आठवड्यांनी परत मोजू, तेव्हाही पायात जोर नसला तर खरं काय ते सांगेन. खरं काय, ते मी विचारलं नाही.

तू महिनाअखेरीला येशील, फाटकाशी शीळ घालशील, आणि तो धावत येईल असं तुला वाटत असेल. मी पाठवत होतो ते व्हिडिओ मागच्या वर्षीचे आहेत, बायो. आज सकाळी टॉवेलच्या आधाराने त्याने एक काठी ओलांडली. दुसरीपाशी थांबला, थरथरला, आणि उचल म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मी मान फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिलो. आज जमलं, उद्याचा भरवसा नाही. होईल तितक्या लवकर ये आणि माझे हात धर.

तुझाच,
घाबरट बाबा