तुम्ही मरत नाही ती कॅसेट

बेसिंगस्टोक, नोव्हेंबर २००६

प्रिय लेस्टरकाका,

काल तुमची कॅसेट पाहिली. तुम्ही जाऊन दहा महिने झाल्यावर. काम होतं एका दुपारचं. ते डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण तुम्ही इंग्रजीत आणि आई मराठीत असं तुमचं दोघांचं सहा महिने अगदी सुरळीत चाललं होतं. मग माझंच कशाला अडावं?

तुमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, कोणी रिटायर्ड पोस्टमन असतील. मग एकदा कुंपणावरून तुम्ही सांगितलंत की तुम्ही अमेरिकन सिनेमा-टीव्हीतले नट. घोड्यावरून न लागता पडता येतं म्हणून काउबॉयच्या सिनेमांत शिरलात. पुढे घोडे गेले, डिटेक्टिव्ह मालिका आल्या, आणि तिथे तुम्ही नुसते मरायला लागलात. एका शूटिंगसाठी इंग्लंडला आलात, कपडेपट सांभाळणाऱ्या डॉरथीशी लग्न केलंत आणि इथलेच झालात. मी आले तेव्हा डॉरथी नव्हत्या.

"मला पहिल्या दहा मिनिटांत मारतात," तुम्ही म्हणालात. "मी मेल्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही."

मग नागपूरहून आई आली. शनिवारी सकाळी तुम्ही आमच्याकडे पोहे खायला यायचात, काखेत एक कॅसेट घेऊन. पहिल्यांदा तुम्हाला गोळी लागली तेव्हा आईच्या हातातली बशी कलंडली. तुम्ही तिच्या शेजारी बसून लिंबू पिळत होतात, तरी.

"भाऊजी, हे काय बाप्पा? जित्या माणसानं असं मरू नये," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण मंजिरी, सांग त्यांना. आपल्याकडे मेल्याची खोटी बातमी आली ना, की त्या माणसाचं आयुष्य वाढतं."

मी सांगितलं. तुम्ही बोटांवर मोजायला लागलात. तीस-बत्तीसच्या पुढे हिशेब विसरलात आणि इतके हसलात की डोळे पुसावे लागले. तेव्हापासून तुम्ही पडद्यावर कोसळलात की आई टाळी वाजवून म्हणायची, "वाढलं!" आणि मागोमाग तुम्ही, "वाडलं." कोणी बुडवलं, वाढलं. कोणी विष घातलं, वाढलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, काका, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. यावर ठेवला. तुम्ही पंच्याहत्तरीचे होतात, खोकत होतात, आणि मला खुशाल वाटत होतं की घाई नाही.

आई नागपूरला परतली आणि डिसेंबरात तुमच्या बहिणीने अमेरिकेहून ती कॅसेट पाठवली. त्यात तुम्ही शेवटपर्यंत जिवंत आहात, असं तुम्ही मला दारातच सांगितलंत. चाळीस वर्षांतलं ते एकच काम. टीव्हीवर एकदाच दाखवलं, आणि त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गावी एका मालिकेत मरत होतात, त्यामुळे स्वतः कधी पाहिलंच नाही. पण अमेरिकन कॅसेट इथल्या व्हीसीआरवर धड चालेना. चित्र सारखं वर सरकायचं आणि रंग उडालेले. तुम्ही ती माझ्याकडे दिलीत. कंप्यूटरवालीच ना मी.

"काका, इट्स ऑन माय लिस्ट," मी म्हटलं. "धिस वीकेंड पक्कं."

कॅसेट टीव्हीवर ठेवली. तिच्यावर टपाल साचलं. तुम्ही दर शनिवारी त्या ढिगाकडे बघायचात, आणि पोहे छान झालेत म्हणायचात. माझे पोहे कसे होतात ते मला ठाऊक आहे. एकदा तरी रागावायचं होतं, काका! शिव्या खाल्ल्या की मी कामं करते. इतकं सभ्य राहून तुम्हीही माझी पंचाईतच केलीत.

न्यूमोनियाने हॉस्पिटलात होतात त्या गुरुवारी तुम्ही मास्क बाजूला करून विचारलंत, "पिक्चर अजून सरकतंय?" मी तेच म्हटलं. धिस वीकेंड.

शनिवारी सकाळी नर्सचा फोन आला. आधी तिने विचारलं, "तुम्ही त्यांची पुतणी ना?" फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या जागी तुम्ही माझं नाव लिहिलं होतं. मला कधी बोलला नाहीत. मी हो म्हटलं. मग तिने उरलेलं सांगितलं.

आईला फोन केला तर ती रडली नाही. "नीट चौकशी कर गं," म्हणाली. "भाऊजींचं असं कितीदा झालंय."

त्यानंतर त्या कॅसेटला हात लावायची हिंमत होईना. काल कुठे इथल्या आणि अमेरिकेतल्या, दोन्हीकडच्या कॅसेट चालवणारा एक प्लेअर आणून जोडला. चित्र जागेवर थांबलं, रंग आले. तुम्ही चाळिशीचे, डोक्यावर भरपूर केस. छोट्या गावात खिळे-कुलपांचं दुकान आहे तुमचं, आणि मुलगी शहरात निघाली आहे. एका माणसाने खिशात हात घातला तेव्हा सवयीने मला वाटलं, आता गोळी. त्याने किल्ली काढली. मुलगी जाते, तुम्ही दारातली खुर्ची उचलून आत नेता आणि दुकान बंद करता. संपलं. इतकं चांगलं काम करायचात तुम्ही, आणि लोकांनी तुम्हाला दहाच मिनिटं दिली. मी तर तेवढीही दिली नाहीत. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून "वाढलं" म्हटलं आणि मग फार रडले. तुम्ही हे बघायला हवं होतंत. बाकी मला काही नको होतं.

तिच्या दोन डीव्हीडी करून ठेवल्या आहेत. एक तुमच्या बहिणीला उद्याच टाकते. उद्या म्हणजे उद्याच. दुसरी पुढच्या महिन्यात नागपूरला नेणार. पोहे करायला लावीन, लिंबू कापून ठेवीन आणि आईशेजारी शेवटपर्यंत बसेन. दुकानाच्या दारापाशी ती माझा हात धरून विचारेल, "यात मरत नाहीत ना गं भाऊजी?"

मी सांगेन, नाही आई. यात नाही.

तुमची पुतणी,
मंजिरी